टाकी भरली आहे

रात्री तीनला बाई बोलली,
"टाकी भरली आहे. कृपया मोटर बंद करा."
मोटर बंदच होती.
बॅटरी घेऊन मी गच्चीवर गेलो,
टाकीच्या अंगावर पेरं वाजवली,
वरपासून खालपर्यंत रिकाम्या घागरीचा आवाज.

अन् सकाळी पाणी सुटल्यावर
टाकी भरून, सांडून, पन्हाळीतनं
खाली गल्लीत ओहोळ लागला तरी
बाई गप्प. मिठाची गुळणी धरल्यासारखी.

हे यंत्र अभिनंदननं पाठवलं. धाकटा माझा, हिंजवडीत असतो.
"अप्पा, वर्षाला अमुक हजार लिटर वाचतंय, हिशेब केलाय मी."
केला असंल.
हिशेबाला काय, बसल्या जागी होतो.

मी एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
अर्ध्या सुताचा फरक अंगठ्याला कळायचा,
हिला अख्खी टाकी कळंना.

शिकलगारांचा मोहसीन दोनदा येऊन गेला.
दांड्यांवर क्षार बसलाय म्हणाला, लिंबू घासा.
दीडशे त्याचे, दहाचं लिंबू.
दोन दिवस बाई खरं बोलली,
तिसऱ्या दिवशी मूळपदावर.

शिवाय तिचा तो तांबडा दिवा,
जिन्यात रात्रंदिवस जळतोय.
वीज वाचवायलाही वीज लागतीच म्हणा.
बिल आलं. सात युनिटं कमी.
स्थिर आकार नावाप्रमाणं स्थिर,
एकूण रक्कम मागच्यापेक्षा सव्वीस रुपये जास्त.
मी तरी सात युनिटांचं कौतुक करत बसलो,
तर त्रिशला म्हणाली, "आठ दिवस मी जयसिंगपूरला होते.
गिझर कुणी लावला असता?"

चौकातल्या भिंतीवर थेंबाचं चित्र आहे,
थेंबाला डोळे काढलेत, हात जोडलेत.
त्याच भिंतीला लागून व्हॉल्व्ह गळतोय, दोन वर्षं झाली.
थेंब रडतोय का घामाघूम झालाय,
जाता-येता बघतो, ठरत नाही.

महापुरात नदी आमच्या स्वयंपाकघरात आली होती.
मिक्सर, पिठाचा डबा, लग्नातला फोटो,
सगळ्यांवर सहा दिवस बसून राहिली.
आम्ही समोरच्यांच्या माडीवर,
खाली पुरुषभर पाणी
अन् प्यायला नावेतनं आलेल्या बाटल्या, माणशी दीड.
तवा कुणी म्हणालं नाही, कृपया बंद करा.

तवा एकच विचारायचं, राधानगरीचे किती उघडले?
चार. आता पाच.
पाणी चढलं की ते दरवाजे आपले आपण उठतात,
उतरलं की बसतात. ना कुणी सांगायचं, ना बोलायचं.
तेही माणसानंच केलंय.
म्हणून ह्या डबीचा राग जरा जास्त येतो.

गुरुवारी मीच बसलो मग. झीरो नंबरचा पेपर घेतला,
दांड्या घासल्या, एक वाकडी होती ती सरळ केली.
पाणी आलं, टाकी काठाला लागली,
बाई वेळेवर बोलली.
मोटर बंद केली. पन्हाळ कोरडी.
पोराला फोन लावावा म्हणून कठड्याशी गेलो

तर खाली हौसाक्का,
पन्हाळीखाली घागर लावून.
आम्ही सगळ्यांनी मोटरी लावल्या
की तिच्या नळाला नुसता वारा येतो.
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
हिशेबात धरलेलं नव्हतं.

वर बघून म्हणाली,
"आज सांडलं न्हाई व्हय, अप्पा?"

काय सांगणार, वाचलं म्हणून?

मोटर पुन्हा लावली.
"टाकी भरली आहे," बाई म्हणाली,
"टाकी भरली आहे, कृपया,"
अगदी खरं, शब्दन्‌शब्द खरं.
घागर भरली, मग कळशी,
मग कुणाच्या तरी पोराची बादली आली.
बोलू दिलं तिला.