याला कफील नाही

भाडं थकलं की सॉफ्टवेअरही खोली रिकामी करायला लावतं.
सकाळी पडद्यावर पाटी: मुदत संपली.
हलव्याच्या डब्याचं लेबल अर्ध्यावर,
केशराचा रंग भरायचा राहिलेला.
मी खिशातल्या खिशात माझा बताका चाचपला.

अरबाब म्हणाला, यंदा पैसे भरणार नाही.
म्हणजे, अरबाब असं म्हणाला असं कुंजुमोन म्हणाला.

रोदेलनं किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला.
इंकस्केप, गिंप, स्क्रायबस.
फुकट? मी विचारलं.
तो आमच्या रुवीच्या हिंदीत म्हणाला,
फुकट छोडो, भाई. इसका कफील नहीं.
इधर से उधर जा सकता.

पहिला आठवडा हात चुकत राहिला,
नव्या खोलीत अंधारात
जुन्या जागी बटण शोधावं तसा.
अरबी ओळ उजवीकडून नीट चालत आली,
पण लाल छापला तो विटेसारखा.
बेकरीवाल्यानं दोनशे लेबलं परत केली,
पैसे माझ्या पगारातून गेले.
हेही लिहायला हवं.

मग एका शुक्रवारी, शटर अर्धं खाली,
सहज भाषा बदलून पाहिली.
मराठी होती!
थर. रेघ. जतन करा. पूर्ववत.
कुणीतरी बसून, एकेक शब्द,
कुठल्या गावी, कुठल्या रात्री,
बिनपगारी.
मधेच दमला असावा.
पुढचे शब्द इंग्रजीतच राहिलेले,
त्यात ब्लीड.

ब्लीड म्हणजे कागदाच्या कडेबाहेर सोडलेला रंग.
तो कापला जाणार हे ठाऊक असतं
आणि तरी भरायचा असतो,
नाहीतर कटर अर्धा सूत हलला
की पांढरी रेघ दिसते.
रक्तस्राव, असं लिहिलं. खोडलं.

बाबांचं सावंतवाडीला शिलाईचं दुकान.
शाळेच्या गणवेशाला आतून
दोन बोटं कापड जास्त सोडायचे.
पोर वाढतं, म्हणायचे, उसवायला जागा हवी.
त्या दोन बोटांना शिंप्यांकडे शब्द आहे.

रिकाम्या चौकटीत मी टाइप केलं: माया.

जतन केलं. पाठवून दिलं,
नेमकं कुणाकडे ते माहीत नाही.
रोदेल बाहेरून ओरडला, करक थंडी होते आहे.
बताक्याचे अजून एकोणीस दिवस होते.