तीन ते नऊ

सातपूरच्या दवाखान्यात मंगळवारी
आम्ही अकरा जणी, दोन पंखे,
त्यातला एक चालू.

देवयानी सिस्टरनी दार लावलं,
नवऱ्यांना म्हणाल्या, चहा पिऊन या,
आणि फळ्यावर घड्याळ काढलं.
काटे नसलेलं.
चौतिसावा आठवडा लागला की
नखं कापा, हात धुवा, खोबरेल घ्या,
अंगठा आत, दोन पेरांपर्यंत,
आणि तीनपासून नऊपर्यंत, सहावरून,
हळू. चार-पाच मिनिटं.

कुठं, असं कुणीच विचारलं नाही.
सगळ्यांना कळलं होतं कुठं,
आणि कुणाकडेच त्या जागेचं नाव नव्हतं.
कोपराला शब्द आहे, घोट्याला आहे,
कानाच्या पाळीलासुद्धा.
अंबडच्या कंपनीत तर मी लावते
त्या प्रत्येक स्क्रूला नंबर आहे.
इथं नुसतं 'खाली'.
आईनं एवढंच सांगितलेलं :
तुझ्या वेळी सात टाके.
आकडा होता, जागा नव्हती.

"आपणच हात लावायचा?" निलोफर पुटपुटली.
"बाळाला लागलं तर?"
सिस्टर बोलणार, तेवढ्यात
सुनेसोबत आलेली सोजरबाई,
पंचवटीत मांडे करून विकणारी :
"पीठ तेलपाण्यानं रगडलं नाही ना,
तर खापरावर पडायच्या आत
हातावरच फाटतो मांडा.
आमचं पीठ कुणी रगडायला सांगितलंच नाही.
सव्वा महिना एका मांडीवर बसले मी."

हसलो सगळ्या.
मग कुणीतरी आधी थांबलं.

"बाळापर्यंत नाही पोचत अंगठा," सिस्टर म्हणाल्या,
"आणि फाटणारच नाही, असं लिहून देत नाही मी.
कमी फाटेल. कदाचित."
त्या कदाचितवर माझा विश्वास बसला.
गॅरंटीचा माल मी रोज जोडते.

रात्री मोरीत, बादली पालथी घालून,
नळ बारीक सोडून.
दिवसाला चारशे स्क्रू आवळणारा अंगठा,
त्याला हळू माहीतच नाही.
जळजळलं. थांबले.
श्वास सोडला, जसा फळ्यासमोर सोडला होता
सगळ्यांनी मिळून, लाजत.
पुन्हा.
आणि खरंच, होती तिथं ती जागा,
चोवीस वर्षं बिननावाची,
माझ्याच अंगावर.

"अगं, झालं का?" बाहेरून हर्षल.
"सहा वाजलेत," मी म्हटलं.
"वेडी का? दहा वाजून गेले."
"थांब जरा.
पोचते नऊपर्यंत."