नाव घालून मिळेल

बाई आली तेव्हा मी कळशी काट्यावर ठेवत होतो.
तांबाकाट्यावर परदेशी माणूस म्हणजे
फोटो काढणार, भाव विचारणार, जाणार.
हिने पिशवीतून कागदांचं पुडकं काढलं
आणि कळशीच्या शेजारी ठेवलं.
काटा जरासा हलला.

ओटिली केसलर. पणजोबा फोर्टातल्या पेढीवर,
सुया आणि रंगांचे डबे विकायचे.
चौदा साली लढाई लागली,
जर्मन म्हणून नगरच्या छावणीत नेऊन ठेवलं.
त्यापुढे आडनाव हातच लागत नाही, म्हणाली.
एका यादीत केस्लेर. पोलिसांच्या वहीत कासलर.
आणि ही चिठ्ठी, त्यांच्या ट्रंकेतली,
आमच्याकडे कुणाला वाचताच आली नाही.

मी चष्मा पुसला.
"केसळकर साहेब, दूध दीड शेर रोज,
बाकी चार आणे."
हसू आलं. इथे प्रत्येकाला एक गाव लागतं, म्हटलं,
नसलं तर दूधवाला देतो.

मग अर्थ विचारला. तिने समोरच्या हंड्यावर टिचकी मारली.
हे. केसल.
हंडे घडवणारा तो केसलर.
शब्दसुद्धा आमचा नाही, रोमन लोकांचा,
त्यांच्याकडे होती नुसती वाटी,
आमच्या थंडीत फुगत फुगत हंडा झाली.
पण घरात कुणी हातोडा धरल्याचं
आजीच्या आजीलाही आठवत नव्हतं.

मी तिला पाटी वाचून दाखवली:
गणपत भिवा तांबट आणि पुत्र.
पुत्र तो मी. ठोकत मीही नाही,
माल तयार येतो, मशीनचा.
शाळेत पोरं त्या पक्ष्यासारखं टुक टुक करायची,
मधल्या भावाने तर कंटाळून गॅझेटात छापून आणलं,
आता तो राजापूरकर आहे, बोरिवलीला.
तिने हातोडा मागितला.
माळ्यावरून काढला बापाचा, दांडा किडलेला.
तिने हातात धरला, तोलला,
आणि न मारताच परत दिला.

शेवटी एक तांब्या घेतला, लहानसा.
नाव घालायचे पैसे वेगळे नाहीत, म्हटलं,
कुठलं घालू? यादीतलं, की वहीतलं?
बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिली.
दूधवाल्याचं घाला, म्हणाली.
त्याचंच तेवढं आमच्याकडे येणं आहे.

मशीन सुरू केलं. टिपक्याटिपक्यांनी
के, स,
ळ पाशी सुई जरा घसरली.
पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती ती,
तिचीही तिथेच घसरत होती जीभ.