दीड सेकंद

महापे, तिसरा मजला, रात्रपाळी.
लंडनहून आलेली फाईल,
मेणाच्या नळकांड्यावरून उतरवलेली.
काम सोपं: खरखर काढा, बाई ठेवा.

बाईचं नाव पुसट, 'मिस' एवढंच वाचता येतं.
ती गातेय, की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू
तिचा दिवा दुरुस्त करायला आला
आणि त्यानं आधी
दिवा विझवला.
'आधी'नंतर थांबते ती.
पडद्यावर सपाट रेघ.
सॉफ्टवेअर विचारतं: रिकामी जागा, कापू?

गोठिवलीत ताईच्या हळदीला
नामीबाय धवलारीण अशीच थांबली होती
विहिणीचं नाव घेण्याआधी.
गालात पान, मांडीवर तांदळाचं सूप,
आणि एक भुवई,
एकच, वर.
मांडव आधी हसला, ओळ मागून आली.
मी मोबाईलवर घेतलं होतं ते सगळं.
घरी ऐकलं तर
पान ऐकू येतं, बांगड्या येतात,
भुवई नाही.

मिसबाई, तुझ्यापुढे तर मांडवही नव्हता.
एक पत्र्याचा कर्णा
आणि घड्याळ बघत उभा मशीनवाला.
एरवी हजार माणसं, बिअरचे पेले, धूर,
गॅलरीतून फेकलेली संत्र्याची सालं.
त्या दिवशी कुणीच नाही.
तरी तू हसण्याला जागा सोडलीस,
डोळाही मारला असशील, कर्ण्याला.

मी 'नको' दाबलं.

सकाळी मोकाशी सरांचा शेरा: एक गॅप राहिलीय.
रबाळ्याच्या सिग्नलला वाचला
आणि रिक्षात एकटीच खुदकन हसले,
सव्वाशे वर्षं उशिरा.