अठरा सेकंद

सांगूनच टाकतो, मला तो बोलणारा स्पीकर आवडत नाही.
ऋजुताने ख्रिसमसला लीड्सहून धाडला.
"हवामान विचारा त्याला, बाबा."
अगं, खिडकी आहे की घराला.
हॅलिफॅक्समध्ये हवामान विचारायचं नसतं,
छत्री घेऊन निघायचं असतं.
शिवाय त्याला माझं इंग्रजी कळत नाही.
एकतीस वर्षं इथले मीटर वाचले मी, दारोदार.
कुत्र्यांना कळायचं.

केटलबद्दल तक्रार नाही. केटल गुणी.
पार्किंगचं ॲप मात्र
गाडी नसलेल्या माणसाने केलेलं आहे.
आणि टोस्टर हल्ली पाहुण्यासारखे,
गॅरंटी संपली की उठतातच.

ते मी शनिवारी उघडतो,
चर्चच्या हॉलमध्ये, दुरुस्तीच्या टेबलावर.
जेफ ॲक्रॉइड शिलाई मशिनी बघतो, शबीर सायकली,
प्लग असलेलं जे काही असेल ते माझं.
डोरीन सटक्लिफ एकच टोस्टर चौथ्यांदा आणते.
त्यात बिघाड नसतो, पावाचा चुरा असतो.
मी चुरा झटकतो,
गंभीर चेहऱ्याने एक स्क्रू फिरवतो,
ती केक देते.
व्यवहार चोख.

छंद म्हणाल तर एकच, आणि तो शैलाला पसंत नाही:
साडेसहाच्या स्थानिक बातम्या
मी स्टॉपवॉच लावून बघतो.
वहीत मांडतो, वाण्याच्या हिशेबासारखं.
राजहंस रस्त्यात बसला: दोन मिनिटं दहा.
आमची टेकडीवरची बस बंद: नऊ सेकंद.
बर्फ पडेल की काय: चार मिनिटं.
बर्फ पडला नाही: शून्य.
गालिच्यांचा कारखाना, एकशे बारा माणसं घरी: सव्वीस,
त्यातले सहा नुसत्या धुरांड्याला,
छान उन्हात.
आरोप करत नाही कुणावर.
"मोजून काय मिळतं?" शैला म्हणते.
मीटर वाचून तरी मला काय मिळायचं?
बिलं पाठवणारे वेगळे असायचे.

मार्चमध्ये ते आमच्याच हॉलवर आले.
एक कॅमेरा, एक मुलगी, पातळ कोट.
पाऊण तास बोललो मी.
म्हणालो, स्क्रू दिसला की वाटतं
बनवणाऱ्याने माणसावर भरवसा ठेवलाय,
गोंद दिसला की वाटतं, दार लावून घेतलं तोंडावर.
म्हणालो, वडील मिरजेला घड्याळं उघडायचे,
झाकण निघालं की श्वास रोखायचे,
आत वाफ लागू नये म्हणून,
आणि आम्ही भावंडंही रोखायचो,
ते "हं" म्हणेपर्यंत.
हे मी शैलालाही कधी सांगितलं नव्हतं.
मुलगी मान हलवत होती.
खरंच ऐकत होती, असं मला अजूनही वाटतं.

मंगळवारी दाखवलं.
शैला हात पुसत बाहेर आली.
फोनवर ऋजुता, तिकडे तिचाही टीव्ही चालू.
आधी टोस्टर. मग डोरीन. मग केक, जवळून.
मग माझा हात. मनगटापर्यंत.
स्क्रू-ड्रायव्हर नीट धरलेला,
नखं कापायला हवी होती.
माझा आवाज: "स्क्रू दिसला की—"
आणि राजहंस. दुसरा असेल.
किंवा तोच.

"किती?" शैलाने विचारलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मी खाली बघितलं.
स्टॉपवॉच मुठीत, सगळी शून्यं जागच्या जागी.
बटण दाबायचंच राहिलं होतं,
आणि श्वास अजून रोखलेलाच.

"अठरा," फोन म्हणाला.
"मोजले मी, बाबा."

वहीत लिहिलं: अठरा.
विषयाच्या रकान्यात आधी 'हात' लिहिलं, मग खोडलं,
मग 'टोस्टर'.
समासात, बारीक अक्षरात: मोजणी ऋजुताची.

शनिवारी डोरीन आली, काखेत तोच टोस्टर.
"टीव्हीवर तू उंच दिसतोस," म्हणाली.
मी चुरा झटकला.