गेल्या शिमग्याचे वाल

चौलच्या नाक्यावर माझं दुकान, पश्चिमेला तोंड.
शिमग्याला काचेच्या बरणीत वाल भरले
तेव्हा ते साईच्या रंगाचे होते,
डोळ्यापाशी किंचित हिरवट.

गौरीगणपती येईस्तोवर
बरणीची रस्त्याकडची बाजू विटकरी झाली.
मधले अजून तसेच.
बरणी फिरवली की एकाच शेतातले दाणे
दोन वयांचे दिसत.

चांगुणा म्हात्रे काकड्यांची पाटी उतरवून
पाणी प्यायला थांबली, बरणीकडे बघून म्हणाली,
"ये माजे नाय."
तिचेच होते. खालच्या कुणग्यातले,
भात कापल्यावर उरल्या ओलीवर पेरलेले,
नुसत्या दवावर पोसलेले.
पोत्यावर तिच्या धाकट्यानं कोळशानं काढलेली होडी
मी तिला दाखवली.

मग समजावू लागलो:
सालीत तुरट असतं काहीतरी,
त्याला हवा लागते, ऊन लागतं,
वर ही आपली खारी, दमट उष्णता.
केळफूल चिरताना बोटं काळी पडतात ना, तसंच,
फक्त सहा महिने लावून.

"केलफुलाला आमी ताकान टाकताव," ती म्हणाली.
"तू यांना कशान टाकलास?"

काचेत, म्हणालो नाही.
काचेत गिऱ्हाईक बघतं, हेही नाही.
तिच्या घरचं बियाणं राखेत असतं,
मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं,
पेरणीपर्यंत त्याला कुणी बघत नाही.
एक काकडी तिनं गल्ल्यावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

रात्री दोन वाट्या भिजत घातल्या,
एकीत कडेचे, एकीत मधले.
तिसऱ्या दिवशी मधल्यांना मोड आले.
कडेच्यांत एखादाच उघडला,
बाकीचे तोंड मिटून, पाणी मात्र चहासारखं.
सोलले तर आतून दोन्ही सारखेच पिवळे,
मला बरं वाटलं.
पण बिरडं शिजता शिजेना.
नारळाचं दूध आटलं, आमसुलं विरली,
तरी ते दाताखाली कच् कच्.
बायको म्हणाली, कुणी विकले तुम्हाला हे?

सकाळी बरणी उचलून आत, गुळाच्या ढेपांमागे ठेवली.
फळीवर तिच्या बुडाएवढं
गोल, फिकं लाकूड राहिलं होतं.
भोवतीची सगळी फळी
केव्हा काळवंडली, मला कळलंच नव्हतं.