उजवीचं उत्तर

नावाचा धैर्यशील,
पण वहीचं कोरं पान बघितलं
की त्याच्या पोटात दुखायला लागतं.
माझा आवडता पक्षी: मोर.
मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. मला मोर फार आवडतो.
संपला निबंध. पेन्सिलीचं बूड तेवढं चावून झालेलं.

आणि हाच पोरगा गल्लीत
अशा थापा ठोकतो म्हणून सांगू!
रंकाळ्यात एक मगर आहे, बिनकांद्याची भेळ खाते.
काकाची म्हैस बुलेटच्या पुढं गेली
आणि मागं वळून हसली.
मुजावरांची रुकसार डोळे मोठे करून ऐकते,
विचारते, "मग?"

त्या "मग?"शी मी अडकले,
हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.
वहीत कोण विचारतं "मग?"
तिथं लाल शाई वाट बघत बसलेली असते.

चटणीचा रिकामा डबा तीनदा धुतला.
वास काही गेला नाही.
जुन्या लग्नपत्रिका कापून पाठीवर शब्द लिहिले:
तवा. भूत. उधारी. जावळ. कुलूप. गिरणी. पंचगंगा.
डोळे मिटून तीन चिठ्ठ्या काढायच्या
आणि तिन्ही एकाच गोष्टीत कोंबायच्या.
शिंकत शिंकत पहिली गोष्ट बाहेर आली:
एका भुतानं गिरणीत उधारी केली,
अंगावर पीठ, म्हणून कुणी ओळखलंच नाही,
कुलपाच्या भोकातून ते घरी गेलं.

भिंतीवर मी खडूनं नियम लिहिला, एकच:
काना-मात्रा उद्या.

मग किराणा दुकानातनं बिलाचा उरलेला रोल आणला.
गोष्ट दारापासून सुरू, जिन्यावरून खाली.
रुकसारची राजकन्या पाचव्या पायरीपर्यंत
नुसती केसच विंचरत होती.
एकदा आमच्या कुकरनं राजीनामा दिला:
"चौथी शिट्टी मी मारणार नाही. कळावे."

सगळेच दिवस असे नव्हते हं.
चिठ्ठ्यांच्या होड्या झाल्या, गटारात गेल्या.
क्रिकेट सुरू झालं की डबा पडून.
मी त्यात लवंगा ठेवायला लागले होते.

त्यात रंकाळ्यावर एका कुत्रीनं
त्याची डावी चप्पल पळवली.
नवी कोरी, करकर वाजणारी.
रडला. रात्री गप्प बसून होता कोपऱ्यात.
सकाळी लवंगांवर एक कागद:

"प्रिय उजवी,
मी बरी आहे. कुत्रीला तीन पिल्लं आहेत.
ती माझ्यावर डोकं ठेवून झोपतात.
करकरायचं मी सोडलं, त्यांची झोप मोडते.
तुझं काय चाललंय?
तुझी डावी."

ओळी मोजल्या मी.
मग मोजल्याची लाज वाटली.

ह्यांची नववीतच शाळा सुटली.
उद्यमनगरात लेथवर असतात.
लिहितात ती मापं, जॉबकार्डावर,
दोन पॉइंट इकडं नाही, तिकडं नाही.
रात्रपाळीहून आले, जेवले,
ओट्यावरच्या दिव्याखाली कागद धरून उभे राहिले.
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी डब्यात घडी घातलेलं जॉबकार्ड,
कोपऱ्यात तेलाचा अंगठा:

"प्रिय डावी,
मी दाराशीच आहे.
एकटीला कोण घालत नाही, टाकत पण नाही.
पोरगं नवा जोड मागत नाही. म्हणतं, थांबू.
पिल्लं मोठी झाली की ये.
तळ झीजला तरी चालेल.
तुझी उजवी, साइज चार."

धैर्यशीलनं दोनदा वाचलं.
कान लाल झाले होते त्याचे.
मग म्हणाला, "बाबा, झिजलाचा झि पहिला असतो."

हे चहाची बशी धरून तसेच.
आयुष्यात एक जॉब परत आला नाही ह्यांचा.
माझ्याकडं बघितलं.

मी भिंतीकडं बोट दाखवलं.